मेश्रामजींना दिसायचं ते

मी एका माणसाचा चौदा-पंधरा वर्षं हेवा केला. तो बारावी पास होता आणि माझ्या नावामागे डॉक्टर लागणार होतं, पुढे लागलंही. देवराम मेश्राम त्यांचं नाव. गोंदियाच्या हिवताप प्रयोगशाळेत ते तंत्रज्ञ होते. राहायला दवनीवाड्याला, रोज बसने येणं-जाणं. सगळे त्यांना मेश्रामजी म्हणत, मीही म्हणायचे. या अंकाच्या संपादकांनी मला वैद्यकातल्या कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल नोकरीचे अनुभव लिहायला सांगितले, तेव्हा त्यांना बहुधा यंत्रांच्या गमतीजमती हव्या असाव्यात. पण मेश्रामजींना वगळून माझ्या नोकरीचं खरं काही सांगता येत नाही.

मी सौंदडची, कापगत्यांच्या घरातली. आमच्याकडे वाडवडिलांनी तलाव बांधल्याचा अभिमान फार. कोणत्या आजोबांनी कोणता तलाव बांधला हे मला शाळेत जायच्या आधीपासून पाठ होतं. माती उपसणाऱ्यांची नावं कुणी सांगितली नाहीत आणि मीही कधी विचारली नाहीत.

१९९९ साली मी गोंदियाच्या एका महाविद्यालयात संगणक शिकवत होते. खोलीत सहा संगणक होते, त्यातले चार चालायचे. त्याच वर्षी हिवताप कार्यालयाने विचारलं की आमची रजिस्टरं संगणकात भरून द्याल का. मी हो म्हटलं आणि माझा धंदा ठरला. पुढे त्याला आरोग्य-माहितीशास्त्र असं भारदस्त नाव मिळालं. साध्या भाषेत सांगायचं तर दवाखान्यात कागदावर, डोक्यात आणि बोलण्यात पसरलेली माहिती यंत्राला समजेल अशा रकान्यांत बसवायची.

ती बसत नाही, हे पहिल्याच महिन्यात कळलं. एकाच गावात नऊ शांताबाई निघाल्या. त्यांतल्या तिघींच्या नवऱ्याचं नावही एकच. मी दोन दिवस त्या रजिस्टरावर डोकं फोडत बसले होते. मेश्रामजी चहाचा ग्लास घेऊन मागून आले, पानावर नजर टाकली आणि म्हणाले, "ह्या दोघी एकच हायेत जी. मायघरची एन्ट्री येगळी, सासरची येगळी. आन ही तिसरी वारली मागच्या साली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"रक्त मीच पाहिलो ना तिचं."

मी आभार मानले. पण माझे दोन दिवस त्यांनी एका घोटात संपवले, हे मनात राहिलं.

मग मी पीएच.डी.ला नाव नोंदवलं. विषय असा, की रक्ताच्या नमुन्याचा फोटो पाहून त्यात हिवतापाचे जंतू आहेत की नाहीत हे संगणकाने सांगायचं. हे काम माणसं कशी करतात ते आधी सांगते. ताप आलेल्याच्या बोटातून थेंबभर रक्त काढून काचेच्या पट्टीवर पसरतात. ही स्लाइड. ती रंगात बुडवून वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली एकेक जागा सरकवत पाहतात. नियमाप्रमाणे शंभर जागा पाहायच्या. जंतू असला तर जांभळा ठिपका आणि निळसर कडं दिसतं. अडचण एवढीच, की रंगाचा वाळलेला गाळही तसाच जांभळा दिसतो.

संगणकाला शिकवायचं तर नियम हवेत. ठिपका केवढा, किती गोल, किती गडद. ते नियम मला मेश्रामजींकडून काढून घ्यायचे होते. सूक्ष्मदर्शकावर कॅमेरा बसवला, पडद्यावर चित्र आलं. मी वही उघडून शेजारी बसले.

"हा जंतू आहे, हे कशावरून ओळखलंत?"

"दिसते ना जी."

"मला पण ठिपका दिसतो. शेजारचाही तसाच आहे. मग तो का नाही?"

"तो नाई. तो गाळ हाय."

"गाळ कशावरून?"

ते विचारात पडले. मला टाळत नव्हते, खरंच शोधत होते. शेवटी म्हणाले, "गाळावानी दिसून राहिला म्हणून."

असं दोन वर्षं चाललं. माझ्या वहीत अठ्ठेचाळीस नियम झाले आणि माझा प्रोग्राम तरीही दर चार-पाच स्लाइडमागे एकदा गाळाला जंतू म्हणायचा. मेश्रामजींना तेवढ्याच वेळात बरोबर दिसायचं, वर ते कुणाच्या धानाला कडाकरपा पडला याची चौकशीही करत असायचे. ‘दिसते’ हा शब्द मला ऐकवेना झाला. घरी भाजी चिरताना मी पुटपुटायचे, काय दिसतं, कसं दिसतं, मला का दिसत नाही.

पाहताना त्यांचा डावा हात सूक्ष्मदर्शकाच्या बारीक चाकावर असायचा आणि ते चाक सारखं मागेपुढे हलायचं. त्याने माझे फोटो हलत. मी एकदा जरा चढ्या आवाजात म्हटलं, "मेश्रामजी, तो हात काढा बरं. फोटो खराब होतायत." त्यांनी हात मांडीवर ठेवला. मग मान वाकडी करून म्हणाले, "असं नाई दिसत मले." मी ते वहीत लिहूनही घेतलं नाही.

२००६च्या सुमारास, प्रोग्राम बराच सुधारल्यावर, प्रबंधासाठी शेवटची परीक्षा ठरली. कुणीच न पाहिलेल्या शंभर ताज्या स्लाइड घ्यायच्या. त्यांवर नावं नाहीत, फक्त नंबर. प्रत्येक स्लाइड तिघं तपासणार. माझा प्रोग्राम, मेश्रामजी आणि नागपूरहून आलेले एक तज्ज्ञ डॉक्टर. तज्ज्ञ म्हणतील ते सत्य धरायचं. आमच्या शास्त्रात हे नेहमीचं असतं. कुठेतरी एक माणूस सत्य म्हणून नेमावा लागतो, नाहीतर मोजायचं कशाशी? रोजच्या रोज तज्ज्ञांच्या निकालाप्रमाणे आरोग्य केंद्रांना अहवाल जाणार होते आणि कोणता नंबर कुणाचा याची यादी फक्त माझ्याजवळ होती.

परीक्षेच्या दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी दुपारी मेश्रामजी महाविद्यालयात आले. यापूर्वी ते कधी माझ्या खोलीत आले नव्हते. दाराशीच उभे राहून म्हणाले, "मॅडम, सतरा आन एकेचाळीस नंबरची स्लाइड पुन्हा पाहाले लावा. दोन्हीत जंतू हाय."

मी तक्ता पाहिला. दोन्हीपुढे तज्ज्ञांनी ‘नाही’ लिहिलं होतं. माझ्या प्रोग्रामनेही ‘नाही’ म्हटलं होतं.

"तज्ज्ञांनी शंभर जागा पाहिल्यात."

"मी बी पाहिलो. शंभर झाल्या तरी मन भरलं नाई, म्हणून पुढं पाहत गेलो. मंग भेटले. दोनच हायेत, पण खराब जातीचे हायेत, डोक्यात चढते तो ताप."

"परीक्षा चालू असताना मधेच उत्तर बदलता येत नाही. शुक्रवारी सगळं संपेल, तेव्हा बघू."

"नियम तुमचा हाय मॅडम. ताप त्या माणसाले हाय."

मी म्हटलं, "शुक्रवारी."

ते गेले. त्यानंतर मी काय केलं तेही सांगते. तोवरच्या तक्त्याची बेरीज केली. त्या दोन चुका धरल्या तर मेश्रामजी आणि माझा प्रोग्राम बरोबरीत येत होते. सहा वर्षांत पहिल्यांदाच. मी टपरीवरून चहा मागवला आणि तो सावकाश प्यायले. फोन माझ्या टेबलावरच होता.

शुक्रवारी शेवटची स्लाइड झाल्यावर मी मेश्रामजींच्या हातात यादी दिली. त्यांनी बोट ठेवून दोन नावं काढली. सतरा नंबरचा माणूस सालेकसा भागातला. तिथल्या केंद्राला त्यांनी तिथूनच फोन लावला. तो तापाने घरीच पडून होता, त्याच दिवशी त्याला गोळ्या पोचल्या आणि तो उठला. एकेचाळीस नंबरची एक बाई होती, तिशीची, दोन मुलांची आई. मी इथे तिला सगनबाई म्हणते. तिच्या गावाला फोन नव्हता, म्हणून मेश्रामजी स्वतःच गेले. घराला कडी होती. शेजारणीने सांगितलं, कालच बेशुद्ध झाली, गोंदियाला नेली.

शनिवारी सकाळी मी दवाखान्यात गेले. तिचा नवरा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसला होता. धान कापणीचे दिवस, हातावर विळ्याचे ताजे ओरखडे होते. मी कोण ते सांगितलं नाही. नुसतं विचारलं, दवाखान्यात आणायला उशीर का झाला?

तो म्हणाला, "रिपोट तं चांगला आला होता ना बाई. म्हणून घरीच ठेवलो तिले."

ती नऊ दिवसांनी घरी गेली. वाचली. पण तिला ऐकू कमी येऊ लागलं आणि ते तसंच राहिलं.

त्या व्हरांड्यात उभी असताना माझ्या मनात पहिला विचार कोणता आला? सगनबाईचा नाही. मेश्रामजी पुन्हा बरोबर निघाले, हा.

मेश्रामजींनी तक्रार केली नाही. कुणापाशी एक अक्षर बोलले नाहीत. सोमवारी मी प्रयोगशाळेत गेले तर ते नेहमीसारखे पाहत बसले होते आणि हात चाकावर होता. त्यांच्या न बोलण्याचाही मला राग आला. वाटलं, एवढा मोठेपणा यांना परवडतो कसा?

प्रबंधात मी दोन गोष्टी केल्या. ‘मतभेद झाल्यामुळे दोन स्लाइड गणनेतून वगळल्या आहेत’ असं एक वाक्य लिहिलं. आणि तक्त्यात जे तीन रकाने होते, त्यांतला मेश्रामजींचा काढून टाकला. उरला माझा प्रोग्राम आणि तज्ज्ञ. आकडे छान दिसू लागले. आभाराच्या पानावर ‘प्रयोगशाळेतील सर्व कर्मचारी’ असा उल्लेख होता. पदवी मिळाली, सत्कार झाला, दारावर ‘डॉ.’ लावलेली नवी पाटी आली.

पुढचा धक्का बिसेन सरांनी दिला. ते आमच्याच महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे. मनाने मोकळे, गोंदियाच्या सवयीने अर्धं हिंदीत बोलणारे. कॅमेऱ्याची पकड ढिली झाली म्हणून मीच त्यांना प्रयोगशाळेत पाठवलं होतं. पकड दुरुस्त करून ते परत यायचे तर दोन दिवस तिथेच बसले. तिसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मला म्हणाले, "मॅडम, मेश्रामजी का हाथ देखा आपने? रुकता ही नहीं."

"सवय आहे त्यांना."

"सवय नाही हो. गाळ काचेवर वरच्या पातळीत बसतो, जंतू रक्तपेशीत असतो, थोडा खाली. चाक फिरवलं की एक पुसट होतो, दुसरा स्पष्ट होतो. ते खोली मोजून राहिलेत. सीधी बात है. तुमच्या एका फोटोत खोली कुठून येणार?"

मी सहा वर्षं त्या हाताशेजारी बसले होते. तो काढायला सांगणारी मीच होते.

बिसेन सरांनी एका जागेचे वेगवेगळ्या खोलीवर पाच फोटो घ्यायची सोय केली. माझ्या प्रोग्रामच्या गाळाच्या उरलेल्या चुकाही जवळजवळ संपल्या. त्यांनी शोधनिबंध लिहिला आणि त्यावर दोन नावं घातली, बिसेन आणि मेश्राम. मग माझ्याकडे आले. "प्रोग्राम तुमचा आहे, तिसरं नाव तुमचं टाकतो."

"नको, सध्या मला वेळ नाही," मी म्हटलं. माझ्याच प्रोग्रामवरच्या निबंधात, मेश्रामजींच्या खाली माझं नाव. ते मला सोसलं नसतं.

दोघांना हैदराबादला परिषदेत बोलावलं. मेश्रामजींनी तिथे मंचावर उभं राहून हाताने चाक फिरवून दाखवलं म्हणे, आणि लोक उठून जवळ पाहायला आले. त्याचा फोटो आमच्या सूचनाफलकावर लागला. फलक जिन्याजवळ होता. तो फोटो उतरेपर्यंत मी मागच्या जिन्याने वर जात होते.

त्यानंतर काही वर्षांत माझं शास्त्रच बदललं. नव्या प्रोग्रामांना नियम लागेनात. हजारो चित्रं दाखवायची, प्रत्येकावर जाणत्या माणसाची खूण असली की झालं. यंत्र त्या खुणांवरून आपलं आपण शिकतं आणि कसं ओळखलं असं विचारलं तर त्यालाही सांगता येत नाही. म्हणजे ‘दिसते ना जी’. माझी अठ्ठेचाळीस नियमांची वही निकालात निघाली. आता लागणार होत्या त्या खुणा, आणि जिल्ह्यात त्या एकाच माणसाच्या होत्या. जिथे जंतू सापडला तिथे मेश्रामजी काचेच्या मागून शाईचा बारीक ठिपका द्यायचे. अशा स्लाइडींनी कपाटं भरली होती. कार्यालयाची परवानगी मिळाली. तरी मला वाटलं, एकदा त्यांना विचारावं. ते तोवर निवृत्त झाले होते.

गोंदियाजवळ मुर्रीला माझं घर, तिथून निघून दवनीवाड्याला पोचले तेव्हा ते अंगणात लाखोरीची डाळ पाखडत होते. मेश्रामवहिनींनी खुर्ची आणली, चहा दिला. मी कामाचं बोलले. ते म्हणाले, "घ्या ना. मले विचाराले काऊन आल्या?"

मग मी त्यांना सोमवारची बेरीज सांगितली. बरोबरी झाली म्हणून चहा प्यायले ते, फोन उचलला नाही ते आणि प्रबंधातून रकाना काढला तेही. एका दमात सांगितलं. वहिनी आत निघून गेल्या.

मेश्रामजी सुपात बोटं फिरवत म्हणाले, "मॅडम, त्या सोमवारीच मी आमच्या साहेबाकडे जाऊ शकत होतो. तेनं हुकूम देला असता तं तुमाले यादी देणं भाग होतं."

"मग का गेला नाहीत?"

"जळत होतो ना जी तुमच्यावर. तीस साल मी रक्त पाहिलो, रिपोटावर सही डॉक्टरची. तुमी आल्या, माह्या बाजूले वही घेऊन बसल्या, आन डॉक्टर होऊन राहिल्या. म्हटलं, पडू दे एक खेप मॅडमचा प्रयोग. शुक्रवारी समदे पाहतीन कोण बरोबर होता तं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "मले बी वाटलं, चार दिवसानं काय होते."

इतकी वर्षं ज्यांना मोठ्या मनाचा माणूस समजून मी चडफडत होते, ते माझ्याशेजारी माझ्यासारखेच बसले होते. त्यांनी तोंड मिटून ठेवलं होतं, त्याचं कारण मोठेपणा नव्हता.

मी म्हटलं, "तिला अजून कमी ऐकू येतं का?"

"येते ना. जातो मी तिकडं साल-दोन सालातून. पर सांगतलो नाई कधी."

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बसने तिच्या गावी गेलो. सगनबाई ओट्यावर बसून मोहाची फुलं निवडत होती. नवऱ्याने मेश्रामजींना ओळखलं, मला नाही. मी सगळं सांगितलं. मधेच मेश्रामजींनी त्यांचं सांगितलं. नवरा म्हणाला, "आता कायले सांगून राहिल्या बाई? आता काय होते?"

मेश्रामजी म्हणाले, "तुमाले मालूम असलं पाह्यजे, म्हणून."

सगनबाई आमच्या तोंडांकडे पाहत होती. तिने नवऱ्याला कोपराने ढोसून विचारलं, काय म्हणतात? मग त्याने तिच्या कानाशी तोंड नेऊन सगळं पुन्हा सांगितलं, मोठ्याने, कारण तसंच सांगावं लागत होतं. बाईनं चार दिवस यादी दाबून ठेवली. हा भाऊ त्याच्या साहेबाकडे गेला नाही. आजूबाजूच्या घरांतली कामं थांबली. एका म्हातारीने कुडावरून डोकावून पाहिलं. मी मान खाली घालून उभी होते.

सगनबाईने फुलांचं टोपलं बाजूला सारलं. माझ्याकडे पाहिलं, मेश्रामजींकडे पाहिलं. रागावली की नाही ते मला आजही सांगता येत नाही. तिने एवढंच विचारलं, "मंग आता ते मशीन बरोबर सांगते का?"

मी तिच्या कानाजवळ वाकले आणि जेवढ्या मोठ्याने तिचा नवरा बोलला होता तेवढ्याच मोठ्याने म्हटलं, "सांगते. पण मेश्रामजींएवढं नाही."

म्हातारीने मान हलवली. मेश्रामजी चपला घालत होते, त्यांनी वर पाहिलं नाही.

घरी येऊन मी विद्यापीठाला पत्र लिहिलं, वगळलेल्या दोन स्लाइड आणि काढलेला रकाना जोडून. उत्तर आलं नाही. पण ते नंतरचं. त्या दिवशी परतीच्या बसमध्ये मला वाटत होतं, एकदाचं बोलून टाकलं, आता हलकं वाटेल. तसं काही वाटलं नाही. मेश्रामजी खिडकीशी बसले होते. दोन थांबे गेले आणि त्यांची मान कलली, तोंड किंचित उघडं पडलं. बस खड्ड्यांतून आदळत होती तरी ते गाढ झोपले होते. मी दवनीवाडा येईपर्यंत त्यांच्याकडे पाहत बसले. त्यांना झोप लागली, याचाही मला हेवा वाटला.